बारवेतला फोटो

आमच्या थोरल्या साडूंइतका खरा माणूस कृष्णाकाठी दुसरा झाला नसेल, आणि आपल्या खरेपणाचा आजूबाजूच्यांना इतका ताप देणाराही झाला नसेल. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. थोरलीला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. मी साताऱ्याला कचेरीत कारकून आणि साडू सांगलीला पेठेत फोटो काढायचे. तो धंदा होता असं मी म्हणत नाही, कारण धंद्यात गिऱ्हाईक पुन्हा यावं लागतं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा एखादा डाग पेन्सिलीनं झाकून देणं ही त्या काळी फोटोवाल्याची साधी माणुसकी समजली जाई. साडूंनी ती कधी दाखवली नाही. एका बड्या वकिलांनी नाकावरची चामखीळ काढून द्या म्हणून सांगितलं, तेव्हा साडू म्हणाले, "त्याला डॉक्टर लागतो. मिरजेला जा, तिथे पुष्कळ आहेत." माझ्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मी असा उभा आहे, की जणू मला धरून आणलं आहे. मी एकदा भीत भीत तक्रार केली. साडू मला नेहमी सातारकर म्हणत. "सातारकर," ते म्हणाले, "तुम्ही घाबरलेले होतात. फोटो घाबरलेल्याचाच येणार. फोटो खोटं बोलत नाही."

हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. पण त्या खरेपणाचीही एकदा चूक झाली होती, आणि ती ते स्वतःच सगळ्यांना सांगत. तेव्हा फोटोची मूळ छबी काचेवर उमटायची आणि त्या काचेवरून कागदावर छापायची. काच उलटी ठेवून छापली तर चेहरा तोच राहतो, फक्त डावं उजवीकडे जातं. लग्नसराईच्या घाईत साडूंनी एका नव्या सुनेचा फोटो असाच छापला. घरच्यांनी तो चांदीच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आणि साडूंना कौतुकानं कॉफीला बोलावलं. साडूंनी पहिला घोट घेतला, भिंतीकडे पाहिलं आणि कपबशी खाली ठेवली. सुनेच्या डाव्या नाकपुडीतली नथ फोटोत उजवीकडे गेली होती. खुर्चीवर चढून त्यांनी फोटो खाली काढला, चौकटीतून सोडवला आणि सगळ्यांच्या देखत टराटरा फाडला. "ह्या तुमच्या सूनबाई नव्हेत, आरशातल्या बाई आहेत," असं म्हणून ते चौकट परत देऊन चालते झाले. त्या घरात पुन्हा त्यांना कुणी कॉफी दिली नाही. पण पुढे कुणी त्यांच्या कामाची स्तुती केली की ते लगेच म्हणत, "एकदा नथ चुकली होती माझी. आयुष्यात एकदाच."

या माणसाला पाण्याखालचे फोटो काढायचं वेड लागलं. वरच्या जगातले सगळे लोक फोटो काढून घेताना तोंड बदलतात, पाण्याखाली कुणी बदलणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. सुरुवात न्हाणीघरातल्या पिंपापासून झाली. पिंपाच्या तळाशी अक्कांचे बत्ते, पळ्या आणि एकदा एक जिवंत मरळ मासा ठेवून ते तासन् तास कॅमेऱ्याच्या काचेतून बघत बसत. पाणी उजेड खातं, आणि जितकं खोल जावं तितकं जास्त खातं. म्हणून ऊन डोक्यावर असतानाच बुडायचं. पाण्यात वस्तू असते त्यापेक्षा जवळ दिसते, आणि कॅमेराही माणसासारखाच फसतो. गढूळपणा दिसत नसला तरी असतो, म्हणून वस्तूच्या अगदी जवळ जायचं आणि तळाला पाय लावायचा नाही. हे सगळं ते जेवताना सांगत आणि अक्का आमटी वाढता वाढता म्हणत, "पाय कुठेही लावा, पण माझ्या भांड्यांना हात लावू नका."

भांड्यांना हात लागलाच. कॅमेऱ्यासाठी त्यांनी मिरजेच्या एका सतार करणाऱ्या कारागिराकडून तुणीच्या लाकडाची पेटी करून घेतली. पुढे काच, सांध्यांना लाख आणि मेण. पेटी बंद असताना आतली कळ बाहेरून दाबायची कशी, याचं उत्तर सतारीतच होतं. निमुळत्या भोकात निमुळती खुंटी बसवली की बाहेरचं पाणी तिला आतच रेटतं आणि ती जास्त घट्ट बसते. खुंटी पिळली की आत फोटो निघे. कारागीर म्हातारा होता. तो म्हणाला, "साहेब, सतारीला पाण्यापासून जपायचं असतं, एवढंच मी आजवर शिकलो." डोक्यावर घालायला मात्र अक्कांचा माहेरचा तांब्याचा हंडा गेला. तो उपडा करून त्यात डोकं घालायचं, समोर पलटणीतल्या, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या जुन्या मुखवट्याची काच बसवलेली, वरून रबरी नळी, आणि काठावर लॉरीच्या चाकात हवा भरायचा पंप मारणारी दोन माणसं. हंड्याच्या काठापाशी आमच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. त्यामुळे साडू पाण्यात उतरत ते सासूबाईंचं नाव उलटं धारण करूनच. पहिल्या चाचणीला ते सांगलीच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या मधोमध वर आले. बायका "मगर! मगर!" करत पळाल्या आणि एका म्हाताऱ्यानं दगड मारून हंड्याला पोचा पाडला. मी काठावर दोरी धरून उभा होतो. ओरडायला हवं होतं, ओरडलो नाही. असं माझ्याकडून फार वेळा झालं आहे.

लढाई संपून पलटणीतली माणसं गावी परतत होती, तेव्हाची ही गोष्ट. कडेगावकडचा एक हवालदार गणवेश घालून फोटो काढायला आला. साडूंनी त्याला तीनदा हसायला सांगितलं, तो हसेना.

"आवं साहेब, हसू कसं? लगीन थांबलंय माजं. गावात देवीच न्हाई."

हकिगत अशी होती. त्यांच्या देवीवर पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढत गेला होता, इतका की आतला चेहरा कुणी पाहिलेलाच नव्हता. एके सकाळी ते शेंदराचं कवच आपोआप गळून पडलं, आणि आतली मूर्ती मानेशी दुभंगलेली निघाली. भंगलेली मूर्ती देवळात ठेवायची नाही, म्हणून म्हाताऱ्या गुरवानं रडत रडत ती त्याच दिवशी देवळामागच्या बारवेत सोडली. बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी दगडी विहीर. नवी मूर्ती घडवायला साताऱ्याचा पाथरवट बोलावला, तेव्हा त्यानं विचारलं, चेहरा कसा होता? गावानं एकमेकांकडे पाहिलं. गुरवानं पाहिला होता तो डोळे पुसता पुसता. आणि पाण्यात सोडलेली देवी पुन्हा वर काढायची नाही, हा रिवाज. देवी नाही तोवर गोंधळ नाही, गोंधळ नाही तोवर गावात लग्न नाही. हवालदाराच्या सासऱ्यानं निरोप धाडला होता, ज्येष्ठापर्यंत थांबतो, पुढं पोरगी दुसरीकडं देतो.

"वर काढायची नाही ना?" साडूंनी विचारलं. त्यांचे डोळे असे चमकले होते की अक्का आतून आल्या. "मग मी खाली जातो."

मला रजा टाकून यायचा निरोप आला. दोरी धरायला मीच हवा होतो. "तुम्ही घाबरट आहात, सातारकर," साडू म्हणाले, "दोरी घाबरटाच्या हातात असावी, तो झोपत नाही." निघताना अक्कांनी मला बाजूला घेतलं. "त्यांना जिवंत आणा," त्या म्हणाल्या. "हंडा नाही आणलात तरी चालेल." अक्का हंड्याबद्दल असं बोलल्या, तेव्हा मला खरी भीती वाटली.

वैशाखात आमच्या मुलखात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि तेवढा थोडा वेळ ऊन थेट बारवेच्या तळापर्यंत उतरतं. पाणी तीन पुरुष खोल होतं आणि काचेसारखं स्वच्छ. पायऱ्यांवर सगळं गाव बसलं होतं. साडूंनी पेटीच्या पुढच्या बाजूला एक लांब काडी बांधली होती. पाण्यात अंतराचा अंदाज फसतो, म्हणून काडीचं टोक वस्तूला टेकलं की अंतर बरोबर झालं, अशी ती युक्ती. गुरव पुढं आला.

"आवं फोटोवाले, काठीनं टोचनार व्हय आमच्या आईला?"

"टोचणार नाही. नुसती टेकवणार."

"न्हाई. काठी लागायची न्हाई. फूल लागंल तर चालतंय." आणि त्यानं स्वतःच्या हातानं काडीच्या टोकाला पांढऱ्या चाफ्याचं फूल बांधलं. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण देवीकडे फूल जातंय म्हटल्यावर गुरवाला कौल सुचला. तो गावाकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "फूल आईच्या उजव्या अंगाला टेकलं तर नवी मूर्त बसवायची. डाव्या अंगाला टेकलं तर आईची मर्जी न्हाई. यंदा बसवायची न्हाई."

पंपाशी उभ्या असलेल्या हवालदाराचा चेहरा राखेसारखा झाला. साडू वैतागले. "मी फूल हनुवटीखाली मधोमध टेकवणार. फोटोत ते दिसणारसुद्धा नाही. माझ्या काडीनं देवीला बोलायला लावू नका."

"तुमी टेकवाल वो," गुरव म्हणाला, "पर हात कुनाचा असंल ते आमी बगू."

साडूंच्या काखेतून मोटेचा जाडजूड नाडा बांधला. तो कप्पीवरून ओढायला दोन गडी. खुणेची बारीक दोरी माझ्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे हवा वाढवा, तीन म्हणजे वर घ्या. हंडा डोक्यावर चढवण्याआधी त्यांनी मला बजावलं, "फोटो घेताना दोन्ही हात पेटीला लागतील. तेव्हा खूण येणार नाही. घाबरायचं नाही, ओढायचं नाही. मी सांगितल्याशिवाय ओढायचं नाही. एकच काच आहे, सातारकर." मी मान डोलावली. मग सासूबाईंचं नाव पाण्याखाली गेलं.

हवालदार आणि त्याचा धाकटा भाऊ आळीपाळीनं पंप मारत होते. पंपाचं कातडं सुकं पडलं होतं, ते दर दाबाला कण्हत होतं. पाण्यावर बुडबुड्यांचा झुपका फुटायचा, विरायचा, पुन्हा फुटायचा. माझ्या हातात एक हिसका आला. ठीक. थोड्या वेळानं पुन्हा एक. खाली पाहिलं तर हंडा तांब्याच्या घागरीएवढा दिसत होता आणि त्याच्याही खाली, उन्हात, काहीतरी फिकट, वर तोंड करून पडलेलं. मी नजर काढून घेतली. बघायची आपली पात्रता नाही असं वाटलं. मग दोरी स्तब्ध झाली. साडूंनी सांगितलं होतं तसंच झालं, हे मला समजत होतं. तरी माझ्या तळहाताला घाम सुटला आणि दोरी निसटेल म्हणून मी ती मनगटाला गुंडाळली.

तेवढ्यात फट् असा आवाज झाला. पंपावरची नळी सुटली होती.

"पकड, पकड!" हवालदार भावावर ओरडला. "आरं दाब धर रं! निसटतीय!" नळी सापासारखी वळवळत होती, आणि तिच्यातून हवा आत जायच्याऐवजी फुसफुसत बाहेर येत होती. ती खालची हवा होती. साडूंची. मी पाण्याकडे पाहिलं. बुडबुडे येईनासे झाले होते. दोरीला ताण नव्हता. गड्यांनी नाडा धरून माझ्याकडे पाहिलं. गुरवानं पाहिलं. मला वाटलं, आता खुंटी पिळत असतील. आता पिळून झाली असेल. आता खूण येईल. मला अक्कांचा चेहरा दिसला.

"बसली! नळी बसली!" हवालदार ओरडला, आणि त्याच क्षणी मीही ओरडलो, "ओढा!"

गड्यांनी नाडा असा ओढला की साडू कलंडत, भिंतीला आपटत वर आले. पायरीवर घेऊन हंडा काढला, तर आतून बदाबदा पाणी सांडलं. त्यांच्या मिशा निथळत होत्या. ते बराच वेळ खोकत राहिले. मग पेटी पोटाशी धरून म्हणाले, "ओढायला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणालो.

"मी खुंटी पिळतच होतो. पिळता पिळताच हिसका बसला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोरी अजून माझ्या मनगटाला गुंडाळलेली त्यांना दिसली असावी, कारण पुढचं जे काही होतं ते त्यांनी गिळलं.

गुरव पायऱ्या उतरून समोर येऊन उभा राहिला. "फूल कुटं टेकलं?"

सगळं गाव ऐकत होतं. हवालदाराच्या हातात अजून पंपाचा दांडा होता. साडूंनी मिशा पुसल्या. "काच धुतल्याशिवाय सांगता येत नाही," ते म्हणाले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण एखाद्या प्रश्नाला त्यांनी थेट उत्तर दिलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या हिसक्यानं फोटोच हलला असणार, तेच त्यांना गावासमोर सांगवत नसेल, असा मी अर्थ घेतला आणि मान खाली घातली.

सांगलीला आल्यावर ते अंधाऱ्या खोलीत शिरले. मी बाहेर बाकावर बसून होतो. एरवी काच धुऊन लगेच दार उघडून ओरडणारा माणूस, त्या दिवशी आत पाण्याचा आवाजसुद्धा थांबला तरी बाहेर येईना. अक्कांनी दोनदा चहा केला आणि दोनदा ओतून दिला. मी दारापाशी जाऊन म्हटलं, "माझ्यामुळे बिघडला असेल तर तसं सांगा. मी गावाला जाऊन सांगतो, की चूक माझी."

आतून आवाज आला, "तुम्ही ओढलं नसतंत, तर आज तुम्ही अक्कांना काय सांगितलं असतंत, त्याचा विचार करा. आणि जरा गप्प बसा, मला छापू द्या."

फोटो आला तो विलक्षण आला होता. दगडी चेहरा, मिटल्यासारखे डोळे, नाकपुडीत नथीसाठी कोरलेलं बारीक भोकसुद्धा दिसत होतं. खांदे नव्हते, मान गाळात. आणि गालाला लागून, हिसक्यानं सरकलेलं, पांढरं चाफ्याचं फूल. देवीच्या उजव्या गालाला.

हवालदार तो न्यायला आला. गुरव बरोबर होता. त्यानं फोटो हातात घेतला, खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. मग साडूंकडे पाहिलं. साडूंनी त्याच वेळी कॅमेऱ्याचं काळं कापड झटकायला घेतलं. "व्हय," गुरव शेवटी म्हणाला. "हीच." हवालदारानं तिथेच टाच आपटून साडूंना सलाम ठोकला. साडू म्हणाले, "आता हसलास. आता बस, फोटो काढतो."

ज्येष्ठाच्या आत मूर्ती बसली, गोंधळ झाला, लग्न झालं. आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. मी गेलो नाही. सगळ्या गावासमोर माझा धीर सुटला होता, तिथे जेवायला बसायची मला लाज वाटली. साडूही गेले नाहीत, याचं मात्र मला नवल वाटलं. आपल्या फोटोचं कौतुक त्यांना मनापासून आवडायचं. त्यानंतरही ते पुष्कळ वर्षं फोटो काढत राहिले, चामखिळी जिथल्या तिथे ठेवत राहिले, पण "फोटो खोटं बोलत नाही" हे वाक्य मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. वय झालं, दम लागायला लागला, असं मी समजलो.

ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी अक्का म्हणाल्या, "त्यांची ती देवी मला एकदा दाखवा." आम्ही गेलो. हवालदाराचे केस पिकले होते. त्यानं अक्कांच्या पायावर डोकं ठेवलं आणि आम्हाला थेट गाभाऱ्यापर्यंत नेलं. समईच्या उजेडात देवी बसली होती. पाथरवटानं फोटो बघून जसंच्या तसं घडवलं होतं, उजव्या गालाशी चाफ्याचं फूलसुद्धा दगडातच कोरलं होतं. आणि नाकात चांदीची नथ.

"आमच्या आईची नथ उजवीकडं," हवालदार अभिमानानं म्हणाला. "आक्ख्या मुलखात अशी येकच. बारवेतली बी तशीच हाय, सायबांच्या फोटोत बगितलंय न्हवं आमी."

मी नथीकडे पाहतच राहिलो. उजवीकडची नथ. उजवीकडचं फूल. दिवाणखान्यातल्या भिंतीवरचा तो फाडलेला फोटो मला आठवला, आणि बंद दाराआड थांबलेला पाण्याचा आवाज. माझ्या हिसक्यानं फूल कुठल्या गालाला टेकलं होतं, ते मला इतक्या वर्षांनी, त्या गाभाऱ्यात उभं राहून कळलं.

अक्कांनी जन्मभर त्या दुकानातले ओले फोटो दोरीवर वाळत घातले होते. त्यांना माझ्याआधी दिसलं असणार. त्यांनी पिशवीतला नारळ देवीपुढे ठेवला, फुलं वाहिली आणि पदरानं डोळे टिपले. मला वाटलं त्या रडताहेत, पण त्या हसत होत्या.

"मला म्हणायचे, आयुष्यात एकदाच नथ चुकली," त्या हळूच म्हणाल्या. मग देवीलाच सांगावं तसं म्हणाल्या, "दोनदा हो. दोनदा."